लोहापुलापलीकडची एम्प्रेस

धंतोलीतून पूर्वेला निघून लोहापुलाखालून रुळांच्या पलीकडे गेले, की नागपूरचा सूर बदलतो. अलीकडे रामकृष्ण मठाची संथ सकाळ, टिळक पत्रकार भवन, गल्लोगल्ली दवाखाने आणि पॅथॉलॉजीच्या पाट्या. पलीकडे हातगाड्या, हमालांची घाई आणि पहाटेपासून गजबजलेला महात्मा फुले भाजी बाजार. या साऱ्या भागाला लोक अजूनही कॉटन मार्केट म्हणतात आणि मेट्रोच्या स्टेशनलाही तेच नाव मिळाले आहे. इथे आज भाजी विकली जाते. नावातला कापूस कुठून आला, हे समजून घ्यायचे तर आणखी थोडे चालून गांधीसागर तलावाच्या काठी जावे लागते. तिथे मॉल आणि उंच निवासी इमारती उभ्या आहेत. पाटीवर नाव आहे ‘एम्प्रेस सिटी’. नागपूरकर पत्ता सांगताना मात्र ‘एम्प्रेस मिल’ म्हणतो.

या जागेवर १२५ वर्षे सूत निघाले, कापड विणले गेले. मिल बंद पडली, यंत्रे गेली, जमीन विकली गेली आणि परिसर पुन्हा उभा राहिला. जुना उद्योग गेलेल्या वस्तीला नवे आयुष्य कसे मिळते, आणि त्यात काय हातचे निसटते, हे पाहायला नागपुरात यापेक्षा बोलकी जागा नाही.

दलदलीतली मिल

तलाव मिलच्या आधीचा. गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ मध्ये नागपूर वसवले. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या चांद सुलतानाच्या काळात हा तलाव बांधला गेला. जुने नाव जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून शुक्रवारी तलाव. जवळच्या वेशीचे नाव जुम्मा दरवाजा. पुढे तलाव गांधीसागर झाला आणि दरवाजा गांधी गेट. एकाच जागेच्या नावांत गोंड राजवट, भोसल्यांचे शहर आणि स्वातंत्र्याची चळवळ असे थर एकावर एक बसले आहेत.

१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला काही वर्षे सोन्याचा भाव मिळून गेला होता. युद्ध संपले, भाव कोसळले, पण कापूस पिकतच राहिला. हिंगणघाट आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईला, तिथून बोटीने लँकेशायरला जाई आणि कापड होऊन परत येई. हा फेरा जमशेटजी टाटांनी जवळून पाहिला होता. गिरणी काढायची ती मुंबईत, असा त्या काळचा रिवाज. जमशेटजींनी हिशेब वेगळा मांडला. कापूस जिथे पिकतो, कोळसा जिथून जवळ आहे आणि रेल्वे जिथे आली आहे, तिथेच मिल हवी. १८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली.

जागा मिळाली ती जुम्मा तलावालगतची दलदल. तिच्यात भराव टाकण्यावर पैसा ओतला जाऊ लागला, तेव्हा एका स्थानिक सावकाराने कर्ज द्यायला नकार दिला. हा माणूस सोने मातीत घालतो आहे, असे त्याचे मत होते. पुढे त्यानेच कबूल केले, की जमशेटजींनी मातीच घातली आणि सोने बाहेर काढले. टाटांच्या चरित्रांमधून ही गोष्ट नागपूरच्या तोंडी कायमची बसली आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून मिलचे नाव एम्प्रेस. कारभार बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे आला. ते रेल्वेच्या माल खात्यातले, कापडाचा अनुभव शून्य. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज तंत्रज्ञाने सांभाळली. सुरुवात अडखळत झाली. स्वस्तात घेतलेली यंत्रे चांगले सूत देईनात, ५०० रुपयांचा शेअर निम्म्याच्या आसपास घसरला. जमशेटजींनी ती यंत्रे काढून नवी आणली. १८८३ मध्ये सूत कातणाऱ्या रिंग चात्या लावून पाहिल्या, त्या भारतात पहिल्यांदाच. लँकेशायर तेव्हा जुन्या म्यूल यंत्रांवर खूश होते. नागपूरच्या दलदलीत उभ्या राहिलेल्या मिलने लँकेशायरच्या आधी पुढचे पाऊल टाकले.

भोंग्यावर चालणारे शहर

एम्प्रेसच्या एकापाठोपाठ एक अशा पाच मिल झाल्या. भोंगा वाजला, की पाळी बदले. वस्त्यांमधून माणसांचे लोंढे निघत आणि तितकेच घराकडे परतत. रुळांच्या अलीकडे धंतोलीत वकील, डॉक्टर, प्राध्यापकांची घरे वाढली, तर पलीकडे कापसाच्या धुळीत कामगारांचे जग.

शेतीच्या तालावर वाढलेल्या माणसाला घड्याळाच्या तालावर आणणे सोपे नव्हते. सण, लग्न, पेरणी आली, की खाती ओस पडत. त्यावर दंडापेक्षा आमिष बरे, असे जमशेटजींनी ठरवले. बक्षीस समारंभ सुरू झाले. १८८६ मध्ये पेन्शन फंड आला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. कामगाराला असे काही देणे लागते, हा विचार तेव्हा कायद्याच्या पुस्तकातही नव्हता. इंदोऱ्याकडची बेझनबाग ही वस्ती आजही बेझनजींचे नाव सांगते.

मात्र मालकाने दिलेल्या सोयींवर ही कथा संपत नाही. नागपूरच्या कामगाराने मागायलाही इथेच शिकून घेतले. रा. स. रुईकर यांनी मिल कामगारांची संघटना बांधली आणि पुढे ते अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. मिलमध्ये काम करणाऱ्या राधाबाई कांबळे कामगार पुढारी झाल्या. कामगारांची स्थिती तपासण्यासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनसमोर त्यांनी साक्ष दिली. जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. तिच्या ठरावांत मिलमधल्या स्त्रियांसाठी रजा, भरपाई आणि पेन्शन यांची मागणी होती. १८८६ मध्ये जे औदार्य म्हणून सुरू झाले, ते १९४२ मध्ये नागपूरच्या बायका हक्क म्हणून मागत होत्या. या ५६ वर्षांच्या वाटचालीत नागपूरच्या दलित आणि कामगार चळवळीचा मोठा भाग सामावला आहे.

कौसल्या बैसंत्री यांच्या ‘दोहरा अभिशाप’ या १९९९ च्या हिंदी आत्मकथनात हेच जग घराच्या आतून दिसते. त्यांचे आईवडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. मिलच्या पगारावर, पोटाला चिमटा काढून, त्यांनी मुलींना शिकवले. अशी कितीतरी घरे उत्तर आणि मध्य नागपुरात आहेत. आजोबा मिलमध्ये, वडील कारकून किंवा शिक्षक आणि नातू अभियंता, ही तीन पिढ्यांची शिडी याच आवारातून वर गेली.

आणखी एक धागा इथून थेट पोलादापर्यंत जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडाच्या शोधात नागपुरात आलेले जमशेटजींचे पुत्र दोराबजी टाटा एका अधिकाऱ्याची वाट पाहताना अजब बंगल्यात, म्हणजे सचिवालयासमोरच्या संग्रहालयात शिरले. तिथल्या भूशास्त्रीय नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातला लोहखनिजाचा गडद पट्टा दिसला. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याकडे नेणाऱ्या वाटेवरचा तो एक टप्पा ठरला.

उतरण

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापड गिरण्यांचे दिवस फिरले. यंत्रमागांचे स्वस्त कापड आले, कृत्रिम धागा आला, जुन्या यंत्रांवर नवा पैसा लागेना. मुंबईत १९८२ च्या संपाने गिरणगाव कोसळले. नागपुरात घसरण हळू झाली, पण दिशा तीच होती. १९८६ मध्ये एम्प्रेस मिल टाटांच्या हातून राज्य सरकारकडे आली आणि महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळ ती चालवू लागले. २००२ मध्ये ती बंद झाली.

मिल बंद पडते तेव्हा फाटकाबाहेरचा चहावालाही बसतो. डबे पोहोचवणारी बाई, सायकल दुरुस्तीवाला, उधारीवर किराणा देणारा दुकानदार, सगळ्यांचा महिना एका पगाराच्या तारखेला बांधलेला असतो. पन्नाशीतल्या रिंग खात्यातल्या किंवा मागावरच्या कामगाराला शहरात दुसरे काम कोण देणार? कोणी रिक्षा धरली, कोणी चौकीदार झाला, कोणी भाजीची गाडी लावली.

नवे रूप

मिलच्या जमिनीवर मॉल आला, निवासी इमारती आल्या. सुट्टीच्या दिवशी इथे तरुणांची गर्दी होते. पण वाट सरळ नव्हती. २०१९ मध्ये बँक कर्जाच्या एका प्रकरणात अंमलबजावणी संचालनालयाने या मॉलवर टाच आणली. जमिनीचा भाव वाढला म्हणजे परिसराचे भले झाले, एवढ्या सोप्या हिशेबाने हे नूतनीकरण मोजता येणार नाही.

तलावाकाठचे दुसरे पाऊल अधिक टिकाऊ ठरले. मिल बंद होण्याच्या दहा वर्षे आधी, मार्च १९९२ मध्ये, गांधीसागरासमोर रमण विज्ञान केंद्र उघडले. १९९७ मध्ये तिथे तारांगण आले. विदर्भातल्या गावागावांतून शाळांच्या सहली इथे येतात. ज्या काठावर कापसाच्या गाठी उतरत, तिथे आज एसटीच्या गाड्यांतून मुले उतरतात.

डिसेंबर २०२२ मध्ये सीताबर्डी ते प्रजापतीनगर ही मेट्रो सुरू झाली आणि पुढच्या वर्षी कॉटन मार्केट स्टेशनही उघडले. पावसाळ्यात लोहापुलाखाली पाण्यात अडकणाऱ्या माणसाला रुळांच्या वरून जाणारा रस्ता मिळाला. धंतोलीच्या बाजूने काँग्रेसनगर स्टेशन आहे. १९२० च्या काँग्रेस अधिवेशनाने ज्या वस्तीला नाव दिले, तीच ही.

राहता राहिली नदी. लाव्ह्याच्या टेकड्यांकडून निघून, अंबाझरी तलावातून उतरून नाग नदी सीताबर्डी आणि धंतोलीला लागून पूर्वेकडे जाते. शहराला नाव देणारी ही नदी बहुतेकांना नाला म्हणूनच माहीत आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तिने आपले अस्तित्व दाखवले. काही तासांच्या पावसात अंबाझरी ओसंडला आणि काठावरच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. नाग नदीच्या प्रदूषण निर्मूलनासाठी १,९२५ कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली आहे. नदी स्वच्छ झाली, तर धंतोली आणि कॉटन मार्केट यांना जोडणारी ती खरी वाट ठरेल. ती तशीच सडत राहिली, तर काठावरच्या उंच इमारतींनाही दुर्गंधीपासून सुटका नाही.

दूरच्या नदीकाठी

उद्योग गेल्यावर वस्ती कशी सावरते, हे इतरत्रही पाहता येते. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या क्लाइड नदीकाठी गोव्हन ही जहाजबांधणी करणाऱ्यांची वस्ती आहे. पहिल्या महायुद्धाआधी जगातल्या पाच जहाजांपैकी सुमारे एक क्लाइडवर बांधले जाई. नंतर गोद्या एकामागून एक बंद पडल्या. १९७१ मध्ये तिथल्या कामगारांनी संप न करता आवारातच ठाण मांडून काम चालू ठेवले आणि साऱ्या जगाचे लक्ष वेधले. फेअरफिल्ड गोदीची जुनी कचेरी दुरुस्त करून २०१३ मध्ये तिथे वारसा केंद्र उघडले. सप्टेंबर २०२४ मध्ये गोव्हन आणि समोरच्या पार्टिकला जोडणारा पादचारी पूल झाला. पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात, जिथून १९८० मध्ये सॉलिडॅरिटी चळवळ उभी राहिली, त्या गोदीच्या जमिनीवर २०१४ पासून कामगारांच्या लढ्याचे भव्य संग्रहालय आहे.

मुंबईत गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल झाले. तरी तिथल्या कामगारांनी लढून हक्काची घरे मागितली, २०१२ मध्ये म्हाडाने त्यांच्यासाठी पहिली मोठी सोडत काढली आणि काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले गेले.

नागपूरच्या वाट्याला मॉल आला, मेट्रो आली, तारांगण आले. ज्यांनी सव्वाशे वर्षे या जागेला अर्थ दिला, त्यांची आठवण मात्र इमारतीवरच्या ‘एम्प्रेस’ या एका शब्दात उरली आहे, आणि तोही शब्द राणीचा. बेझनजींचे नाव एका वस्तीला आहे. राधाबाई कांबळे यांची कामगार म्हणून ओळख याच शहरात घडली. त्यांची ओळख करून देणारी एक खोली तरी गांधीसागराच्या काठी हवी.

ही मागणी अवघड नाही. विज्ञान केंद्र समोर आहे, मुलांची गर्दी रोजची आहे. तिथेच एक छोटे कामगार संग्रहालय उभे राहू शकते. त्यात रिंग चाती असावी, माग असावा, भोंग्याचा आवाज असावा आणि रॉयल कमिशनपुढे बोललेल्या बाईची कहाणी असावी. महापालिका, विद्यापीठ आणि मिलमधून निवृत्त झालेल्यांची कुटुंबे एकत्र बसली, तर हे काम होण्यासारखे आहे.

ज्या घरांत मिलचे हजेरी कार्ड, पगाराचे पाकीट, पितळी बिल्ला, बक्षिसाचे घड्याळ किंवा खात्यातला एखादा सामूहिक फोटो पेटीच्या तळाशी पडला असेल, त्यांनी तो रद्दीत देऊ नये. त्याच्यामागे नाव आणि साल लिहून ठेवावे. मिल सुरू झाल्याला १ जानेवारी २०२७ रोजी १५० वर्षे होतात.