एका थाळीत जेवणाऱ्या घरातली साखर

आपल्याकडे कुणाला मधुमेह झाला की ‘त्यांना साखर झालीय’ असं म्हणतात. सोमाली बायकाही जवळजवळ तसंच म्हणतात. त्यांच्या भाषेत साखर म्हणजे ‘सोन्कोर’ आणि मधुमेह म्हणजे ‘सोन्कोरोव’. नावातच साखर, त्यामुळे गैरसमजही आपल्यासारखाच होतो: आईनं गोड फार खाऊ घातलं म्हणून पोराला हे झालं! मैत्रिणींनो, लहान मुलांमध्ये जो मधुमेह जास्त करून दिसतो, तो गोड खाल्ल्यानं होतच नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. मग बाहेरून इन्शुलिन देणं हा एकच उपाय. ते बंद केलं तर काही दिवसांतच मूल दगावू शकतं.

या सोमाली बायका राहतात कुठे? आफ्रिकेच्या पूर्व टोकावरच्या सोमालियात १९९१ साली सरकार कोसळलं, यादवी पेटली आणि लाखो कुटुंबं देशोधडीला लागली. कित्येकजण केनियातल्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहून अमेरिकेत पोचले. मिनेसोटा राज्यात, मिनीआपोलिस शहराच्या आसपास, त्यांची त्या देशातली सर्वांत मोठी वस्ती आहे.

आता अशा घरातल्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मूल सारखं पाणी मागतं, रात्री चारदा उठतं, मोठं झालेलं पोर पुन्हा अंथरूण ओलं करतं, अंगावरचे कपडे सैल होतात. इस्पितळात नेल्यावर कळतं की आता जन्मभर, दिवसातून चार-चारदा टोचायचं. वर हातात एक छापील कागद मिळतो. त्यात पावाचे तुकडे, डब्यातले पोहे आणि मापाचे पेले. तिच्या घरात यातलं काहीच शिजत नाही!

तिच्याकडे सकाळी ‘अंजेरो’ असतो, आंबवलेल्या पिठाचा, जाळीदार, थेट आपल्या आंबोळीचा भाऊ. दुपारी मसाल्याचा भात आणि बकरीचं मटण, सोबत चक्क केळं. इटालियन राजवटीमुळे शेवयांसारखा ‘बास्तो’ही त्यांच्या रोजच्या जेवणात आला. दुधाचा, वेलची-दालचिनीचा गोड चहा तर दिवसभर चालूच. आणि हे सगळं एका मोठ्या थाळीत मांडून, भोवती बसून, उजव्या हातानं खायचं. आता इन्शुलिनचं माप ठरतं ते मूल किती कर्बोदकं खाणार यावर. पाच हात एकाच थाळीत असताना कुणी किती खाल्लं, ते कसं मोजणार?

काही डॉक्टर सांगून मोकळे होतात की मुलाला वेगळं वाढा. मला हे मुळीच पटत नाही. ज्या घरात एका थाळीत जेवणं म्हणजेच आपलेपणा, तिथं आजारी मुलाला वेगळं बसवलं तर त्याला वाळीत टाकल्यासारखं वाटणार. त्यापेक्षा आईच्याच स्वयंपाकघरातली वाटी घ्यावी. मापाचा एक कप शिजलेला भात म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम कर्बोदकं, मध्यम केळं सुमारे २७, चहातली चमचाभर साखर ४. घरची वाटी त्या कपाशी एकदा ताडून पाहिली की झालं. मुलाचा वाटा त्या वाटीनं मोजून थाळीत त्याच्या बाजूला वाढायचा. चार दिवस अंजेरो काट्यावर तोलला की पुढे नजरच तयार होते. पुरणपोळीचं पुरण आपण कुठे तोलून भरतो? पुन्हा वाढून घेतलं, तर डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे जादा इन्शुलिन. चहातली साखर मात्र सगळ्या घरानंच कमी केलेली बरी.

समजावून सांगण्याचीही एक रीत असते. सोमाली भाषेची अधिकृत लिपी ठरली १९७२ साली, आणि पुढे युद्धात शाळाच बंद पडल्या. ऐकून पाठ ठेवण्याची मात्र मोठी परंपरा. म्हणून कागदापेक्षा बोलणं, करून दाखवणं आणि दोन-चार आयांना एकत्र बसवणं अधिक उपयोगी पडतं. दुभाषा मात्र बाहेरचा जाणकार हवा. इंग्रजी येतं म्हणून आजारी मुलालाच आपल्या दुखण्याबद्दल आईला सांगायला लावणं, हे क्रूरपणाचं आहे.

धर्माचे प्रश्नही आधीच, मोकळेपणानं बोलावेत. पूर्वी इन्शुलिन डुकराच्या किंवा गायीच्या स्वादुपिंडातून काढत, त्यामुळे शंका येणं साहजिक. १९८२ पासून प्रयोगशाळेत जिवाणूंकरवी तयार केलेलं मानवी इन्शुलिन मिळू लागलं आणि अमेरिकेत आता प्राण्यांपासूनचं विकलं जात नाही. एवढं एक वाक्य सांगितलं तरी आईचा जीव भांड्यात पडतो.

रोज्याचंही तसंच. आजारी माणसाला आणि वयात न आलेल्या मुलांना इस्लामनं सूट दिलेली आहे. पण तेरा-चौदा वर्षांचं पोर मित्रांच्या बरोबरीनं रोजे धरायचा हट्ट करतंच, आणि मिनेसोटातला उन्हाळ्यातला रोजा सोळा तासांहून लांब! अशा वेळी रागावून उपयोग नाही. रमजानच्या दोन महिने आधी डॉक्टरांकडे जाऊन विचारावं, इमामांनाही विश्वासात घ्यावं. आणि ठरवलंच, तर साखर ७० च्या खाली गेली की रोजा तिथंच सोडायचा, ही अट मुलाकडून कबूल करून घ्यावी.

घरगुती औषधं म्हणजे मध, कलौंजी, उंटिणीचं दूध. त्यांची टिंगल केली तर आई पुढच्या खेपेला सांगणारच नाही, गुपचूप देईल. शांतपणे सांगावं की मधातही साखरच आहे, ती हिशेबात धरा. आणि काहीही दिलंत तरी इन्शुलिनची एक वेळही चुकवू नका.

आणखी एक, हिवाळ्याचं. तिथं थंडी शून्याखाली कितीतरी उतरते आणि गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं, म्हणून ते गाडीत विसरायचं नाही. विमानातही ते हातातल्या पिशवीतच ठेवायचं. मोगादिशूला आजोळी गेल्यावर फ्रीज नसला तर ओल्या मातीच्या भांड्यात ठेवलेलं बरं राहतं. आपल्या खेड्यांतून माठाजवळ ठेवतात ना, तसंच.

अशा घरांत आजीला ‘आयेयो’ म्हणतात. आई कामावर गेली की मूल तिच्याच जवळ. म्हणून तिलाही शिकवायला हवं: पोराला दरदरून घाम सुटला, हात थरथरले, ते विनाकारण चिडचिडलं, तर साखर मोजावी, मोजता आली नाही तरी थांबू नये. तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक मदतीला फोन करायचा. तो नंबर दारामागे मोठ्या अक्षरांत लावून ठेवलेला असावा.