फी भरली, पण बुटांचं काय?

मंगळवार, संध्याकाळचे सव्वासहा. बाणेर रोडवर नेहमीचा ट्रॅफिक. स्कूटरवर पायाशी किटबॅग, मागे माझी दहा वर्षांची भाची आणि तिची अखंड भुणभुण, ‘मावशी, लवकर ना! वॉर्मअप चुकला तर सर पाच राऊंड मारायला लावतात.’ ताई ऑनसाईटला जर्मनीत, भाऊजी कायम कॉलवर. त्यामुळे आठवड्यातून तीनदा बॅडमिंटनची ही ड्यूटी माझ्याकडे. ‘तुझं काय, तू घरीच असतेस’ हे वाक्य ऐकायची सवय आम्हा फ्रीलान्सर मंडळींना असतेच!

अ‍ॅकॅडमी एकदम चकाचक. हिरवेगार सिंथेटिक कोर्ट, डोळे दिपतील असे लाईट, बाहेर पालकांसाठी कॉफी मशिन. तिथे बसून माझे निम्मे लेख लिहून झालेत. आणि तिथेच बसून मला एक गोष्ट कळली, जी याआधी कळायला हवी होती.

झालं असं, की आमच्या सोसायटीच्या गेटजवळ एक इस्त्रीचं दुकान आहे. दुकान कसलं, टपरीच. त्यांची मुलगी माझ्या भाचीच्याच वयाची. दोघी रोज पार्किंगमध्ये खेळायच्या. भाचीकडे नवी रॅकेट, हिच्याकडे कुणीतरी टाकून दिलेली. पण पोरीचा हात असा काही सही, की ऑफिसमधून परतणारे लोक लिफ्टकडे जायचं सोडून दोन मिनिटं बघत उभे राहायचे. मग आमच्यातल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं, हिलाही अ‍ॅकॅडमीत घालू या की! ग्रुपवर मेसेज पडला. सहा फ्लॅटवाल्यांनी मिळून तीन महिन्यांची नऊ हजार रुपये फी एकरकमी भरली. मीही त्यात होते. हार्ट, टाळ्या, नमस्कार... ग्रुपवर इमोजींचा पाऊस. सगळ्यांना एकदम फील गुड.

तिसऱ्या महिन्यात ती यायची बंद झाली.

‘त्यांना किंमत नसते हो,’ ग्रुपवर एक मेसेज. त्यावर दोन अंगठे. मी काही बोलले नाही, पण खरं सांगते, मनात माझ्याही तेच आलं होतं.

‘वर आणि बूट कसे मागायचे?’

दोन दिवसांनी इस्त्रीचे कपडे आणायला गेले तेव्हा वहिनींना विचारलं. आधी त्या काही बोलेनातच. मग कोळसे सारखे करत हळूच म्हणाल्या, ‘बूट लहान झाले तिला.’

कोर्टवर साधे बूट चालत नाहीत. नॉन-मार्किंग सोलचेच लागतात, नाहीतर कोर्टवर काळे ओरखडे उठतात आणि पाय घसरून मुरगळायचीही भीती. पहिल्या वेळी वहिनींनी पैसे साठवून घेतले होते. दहा वर्षांच्या मुलीचा पाय, तो काय थांबतोय? शिवाय रविवारच्या मॅचेस कधी हडपसरला, कधी निगडीला. एन्ट्री फी वेगळी, रिक्षा वेगळी. टपरीला रविवारीच सगळ्यात जास्त काम, मग तिला नेणार कोण?

‘सांगायचं ना आम्हाला,’ मी म्हणाले.

‘फी तुम्ही भरता ताई. त्याच्या वर आणि बूट कसे मागायचे?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कपड्यांचा गठ्ठा घेऊन घरी आले आणि कपाटातून भाचीच्या खर्चाची डायरी काढली. (ताईला दर महिन्याला हिशेब पाठवावा लागतो, म्हणून ठेवलीये.)

पहिल्या सहा महिन्यांची फी अठरा हजार. आता बाकीचं बघा. रॅकेट चोवीसशे. बूट दोनदा, चव्वेचाळीसशे. अ‍ॅकॅडमीचे लोगोवाले टी-शर्ट बाराशे. रॅकेटचं गटिंग दोनदा, आठशे. चार टुर्नामेंटची एन्ट्री चोवीसशे. पेट्रोल आणि पावसाळ्यातल्या रिक्षा मिळून पाच हजारांच्या आसपास. झाले सोळा हजार दोनशे! म्हणजे फीला जवळपास फीएवढंच शेपूट. शिवाय माझ्या संध्याकाळी, त्या तर कुठल्याच कॉलममध्ये नाहीत.

आम्ही सहा जणांनी फक्त वरचा आकडा भरला आणि खालच्या आकड्यांसकट ती मुलगी तिच्या आईच्या गळ्यात घातली. तरी वर ‘किंमत नसते’ म्हणायला मोकळे!

माझं मैदान कसं सुटलं?

डायरी मिटताना मला माझाच जुना किस्सा आठवला. मी सातवीपर्यंत खो-खो खेळायचे. तेव्हा आम्ही पेठेत राहायचो. मंडळ घरापासून चालत पाच मिनिटांवर. महिन्याला वीस रुपये वर्गणी, तीही दादांनी कधी मागितल्याचं आठवत नाही. बूट? अनवाणीच पळायचो. कुणाला उशीर झाला तर शेजारची मोठी ताई घरी सोडायची. आठवीत आम्ही धायरीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. मंडळ तेच, वर्गणी तीच. फक्त मधे दोन बस आल्या. रात्री आठला स्वारगेटवर एकट्या मुलीने उभं राहायचं, हे आईला पटेना आणि बाबांची सेकंड शिफ्ट. ‘खेळ सोड’ असं मला कुणीही म्हणालं नाही. तो आपोआप सुटला.

खेळ परवडणं म्हणजे काय, याचं उत्तर खरंतर या पेठांमध्येच सापडतं. खो-खोचे नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधले गेले ते आपल्या डेक्कन जिमखान्यात. टिळक रोडवरचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून पोरांना घडवतंय. या जुन्या मंडळांचा फण्डा साधा होता. मैदान घराजवळ, साहित्य मंडळाचं, शिकवणारा बहुतेकदा तिथेच खेळून मोठा झालेला. खो-खोला तर लागतं काय, दोन खांब, फक्की आणि २७ बाय १६ मीटरचं मैदान. आणि यातून फक्त हौशी खेळाडू निघतात असं समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारताने फायनलमध्ये नेपाळला हरवलं. कर्णधार कोण? प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. दोघंही पुण्याकडचे!

शिडीची खालची पायरी

‘पण सरकारी स्कीम असतात ना?’ असं तुम्ही म्हणाल. असतात, आणि चांगल्याही असतात. खेलो इंडियामध्ये निवड झालेल्या खेळाडूला ट्रेनिंगच्या खर्चाबरोबर महिन्याला दहा हजार रुपये भत्ता मिळतो. महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत राहण्या-खाण्यापासून कोचिंगपर्यंत सगळं बघितलं जातं. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच प्रबोधिनीतून पुढे आला आणि २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत ब्रॉन्झ घेऊन आला. तरीही त्याच्या वडिलांना मुलाच्या नेमबाजीसाठी कर्ज काढावं लागलं होतं, हे त्या वेळी आपण सगळ्यांनी वाचलंय.

त्याच्या आधी महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल मिळवलं होतं ते थेट १९५२ मध्ये, हेलसिंकीला. खाशाबा जाधव! १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले होते. तरी पुढच्या वारीसाठी पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट ऐकून आपल्या अंगावर काटा येतो. यायलाच हवा. पण जरा विचार करा, ऑलिम्पिकमध्ये सहावा आलेल्या माणसासाठी जर कुणाला घर गहाण ठेवावं लागलं, तर अजून काहीच न जिंकलेल्या मुलीसाठी कोण काय करणार?

आजही गंमत तीच आहे. शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर स्पॉन्सर, स्कॉलरशिप, सत्कार आणि शाल-श्रीफळ. सगळ्यात खालची पायरी मात्र आई-बाबांनी स्वतःच्या पैशाने विकत घ्यायची. ‘टॅलेंट असेल तर येईल वर’ म्हणताना आपण विसरतो, की टॅलेंट दिसायला आधी दोन-तीन वर्षं खेळत राहावं लागतं. आणि समजा टॅलेंट नसलंच, तर? माझी भाची काही सिंधू होणार नाहीये, तसं तिच्या सरांनी मला हसत हसत सांगून टाकलंय! तरी ती खेळते, घाम गाळते, हरल्यावर रडते आणि पुन्हा जाते. तेवढा हक्क इस्त्रीवाल्यांच्या मुलीलाही आहेच की.

सरांची बाजू

सरांना व्हिलन करून हा लेख संपवणं सोपं होतं. पण मी त्यांच्याशी निवांत बोलले. हॉलचं भाडं, विजेचं बिल, दोन असिस्टंट कोचचे पगार हे सगळं फीमधूनच निघतं. त्यात शटलचं टेन्शन. पिसांच्या शटलला सोळा पिसं असतात, ती बदकाची किंवा हंसाची. एकाला शंभर-दीडशे रुपये पडतात आणि जोरात स्मॅश बसले तर ते अर्ध्या तासात ‘गेलं’! म्हणजे ‘सगळ्यांना फुकट शिकवा’ असं कोचला सांगणं म्हणजे त्याच्या पगारातून आपण पुण्य कमावण्यासारखं आहे.

मग मार्ग काय? सर, मी आणि तीन-चार पालक, असे एका शनिवारी कॉफी मशिनजवळच बसलो. फार ग्रेट काही केलं नाही. नवशिक्यांच्या बॅचला नायलॉनचं शटल सुरू केलं, ते बरेच दिवस टिकतं. तीन महिन्यांच्या एकरकमी फीबरोबरच दर महिन्याला भरायची सोय केली. रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्याला वर्षाचे एकूण किती यापेक्षा आज एकदम किती, हा प्रश्न मोठा असतो. कोपऱ्यात एक लोखंडी रॅक ठेवला. त्यात लहान झालेले बूट साईजप्रमाणे, शिवाय जुन्या रॅकेट. कुणीही न्या, कुणीही ठेवा. विचारायचं नाही, नाव लिहायचं नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर मात्र वाद झाला. एक काका म्हणाले, ‘उत्पन्नाचा दाखला घ्यायला हवा, नाहीतर कारवाले पण नेतील.’ नेऊ देत की! रॅक सगळ्यांचा असेल तरच तिथून बूट उचलताना कुणाची मान खाली जाणार नाही. पहिल्याच आठवड्यात मी मुद्दाम सगळ्यांसमोर भाचीसाठी त्यातली एक रॅकेट उचलली.

आणि रविवारच्या मॅचेस? पालकांच्या गाड्यांचं कार पूल. कोण कुणाला नेणार याची यादी शुक्रवारी लागते. सगळ्यांसाठीच. त्यामुळे माझेही दोन रविवार सुटले, हा बोनस!

एवढं तर जमेल!

तुम्ही म्हणाल, आम्हाला मुलं नाहीत, लग्नही नाही, आमचा काय संबंध? संबंध आहे.

तुमच्या कंपनीत विचारा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक नफा किंवा उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या कामांच्या यादीत खेळाचं ट्रेनिंगही आहे. एचआरला एक मेल टाकायला काय जातंय?

कुणाची फी भरणार असाल तर ‘फी’ भरू नका, ‘सीझन’ भरा. बूट, एन्ट्री, येणं-जाणं सगळं धरून. बजेट तेवढं नसेल तर सहा महिन्यांऐवजी तीनच महिने भरा, पण पूर्ण भरा.

महागडाच खेळ हवा असं कुठे आहे? घराजवळच्या मंडळात जाऊन बघा. तिथे पैशांइतकीच संध्याकाळी एक तास देणाऱ्या माणसाची गरज असते. कॉलेजात कबड्डी, खो-खो खेळला असाल तर तो माणूस तुम्हीच.

आणि जवळच्या शाळेचं मैदान पाचनंतर कुलपात असेल तर मुख्याध्यापकांना भेटा. जबाबदारी घेणारं कुणी समोर आलं तर कुलूप उघडू शकतं.

...इस्त्रीवाल्यांची मुलगी परत यायला लागली का? हो. पण लगेच नाही. बूट रॅकमध्ये तीन आठवडे तसेच पडून होते. मी वहिनींना दोनदा सांगितलं, त्या दोनदा ‘बघू’ म्हणाल्या. मग एका मंगळवारी भाचीनेच टपरीसमोर स्कूटर थांबवायला लावली आणि ओरडली, ‘चल गं, वॉर्मअप चुकेल!’ वहिनींनी मान हलवली. आता माझ्या स्कूटरवर दोघी असतात, माझ्याच मागे चिकटून, आणि भुणभुण डबल.

गेल्या आठवड्यात भाचीचे बूट पुन्हा लहान झाले. घरी आणायच्या आधी तिनेच ते धुऊन रॅकवर ठेवले. शुक्रवारी पाहिलं तर जागा रिकामी होती. कुणी नेले, माहीत नाही. विचारायचं नाही, असं ठरलंय.