ओव्हनमधला जळका थर कशाने निघतो?

पौड, पिरंगुट, हिंजवडी या आपल्या पट्ट्यात आता कितीतरी बचत गटांकडे ओव्हन आलाय. नाचणीची बिस्किटं, नानकटाई. दिवाळीत तर ट्रेवर ट्रे निघतात. आणि मग एखादं गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, बिस्किटांना धुराचा वास येतोय." पीठ चांगलं असतं, तूप चांगलं असतं. वास असतो तो आतल्या भिंतीवर बसलेल्या जुन्या तुपाचा. ओव्हन तापला की तो थर पुन्हा जळतो आणि धूर नव्या मालात शिरतो. एका वासापायी पुढची ऑर्डर जाते.

बाजारात गेलं की दुकानदार कडक औषध पुढे करतो. ते घेण्याआधी डाग कशाचा आहे हे बघू या. गूळ-साखर सांडून जळली असेल तर काहीच विकत आणायला नको. गार झालेल्या ओव्हनमध्ये गरम पाण्यात भिजवलेलं फडकं त्या डागावर अर्धा तास ठेवलं की तो सुटतो. तुपा-तेलाचं तसं नाही. स्निग्ध पदार्थ पुन्हा पुन्हा तापला की त्याचं व्हार्निशसारखं कवच होतं, ते नुसत्या पाण्याला दाद देत नाही. त्याला क्षार लागतो. आपल्या आज्या चुलीच्या राखेनं तेलकट भांडी घासायच्या, त्यामागे हेच होतं. राखेत क्षार असतो आणि तो तेलकटपणा तोडतो.

क्षारांतही सौम्य आणि कडक असतात. सगळ्यात सौम्य खायचा सोडा. त्याहून जोरकस धुण्याचा सोडा. आणि सगळ्यात जहाल कॉस्टिक सोडा. ओव्हनसाठी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कडक फवाऱ्यांत तोच असतो. आता इथे नीट ऐका. आपले टेबलावरचे छोटे ओव्हन आतून बहुतेक वेळा जस्ताचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे असतात. हे दोन्ही धातू कॉस्टिक खाऊन टाकतं. थर निघतो, पण मुलामाही निघतो आणि खालचं लोखंड उघडं पडतं. ताम्हिणीकडून येणारा आपला पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून-जुलैच्या दमट हवेत त्या पत्र्यावर गंज यायला वेळ लागत नाही. कॉस्टिकचा फवारा चालतो तो काचेसारख्या एनॅमलचं अस्तर असलेल्या मोठ्या ओव्हनला, तोही डब्यावर तसं लिहिलेलं असेल तर. वापरताना हातमोजे, डोळ्यांना चष्मा, खिडकी उघडी. अंगावर किंवा डोळ्यात उडालंच तर १५-२० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि डॉक्टरकडे जायचं. वर लिंबू पिळायचं नाही.

छोट्या ओव्हनला खायचा सोडाच बरा. प्लग काढा, ओव्हन पूर्ण गार होऊ द्या. तीन चमचे सोड्याला एक चमचा पाणी, असा लेप भिंतींना आणि दाराच्या काचेला लावा. तापणाऱ्या दांड्यांना मात्र अजिबात लागू देऊ नका. रात्रभर ठेवून सकाळी ओल्या फडक्यानं पुसा. हट्टी जागी लाकडी उलथन्याच्या कडेनं हलकेच खरवडा. तारेची घासणी नको. तिचे तुकडे आत अडकले तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं.

स्टीलच्या जाळ्या बाहेर काढून प्लास्टिकच्या टबात गरम पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा घालून दोन-तीन तास भिजवा. अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे मात्र त्यात टाकू नका, काळे पडतात. त्यांना गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे. काळे पडलेच असतील तर चिंचेच्या पाण्यानं उजळतात.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायची पद्धत बऱ्याच जणी सांगतात. फेस बघायला छान वाटतो खरा, पण आंबट आणि क्षार एकमेकांना मारतात आणि हातात उरतं जवळजवळ खारट पाणी. आधी सोड्यानं काम करून घ्या. पुसल्यावर पांढरा पट्टा राहिला तर मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडकं फिरवा.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओव्हनला कधीच लावू नका, पत्रा खाल्ला जातो. ते आणि ब्लीच एकत्र झालं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. कुणी मिसळलंच तर पुसत बसू नका, आधी पोरांना घेऊन बाहेर पडा.

साफ केल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून दार चार-पाच तास उघडं ठेवा. पावसाळ्यात रात्रभर ठेवलेलं बरं. मग खिडकी उघडून रिकामा ओव्हन १५ मिनिटं चालवा. धूर किंवा वास आला तर कुठेतरी लेप राहिलाय. गार करून पुन्हा पुसा. वास थांबला की पहिला ट्रे लावा.