मूठभर ओल

गांडूळखताच्या डब्यात हात घालायची किळस गेली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे ओल सांभाळणं. डब्यातला ऐवज मुठीत घेऊन आवळायचा. बोटांच्या फटीतून एखादा थेंब डोकावला तर ठीक, धार लागली तर ओल जास्त, आणि मूठ उघडताच सगळं भुरभुरलं तर पाणी शिंपडायचं. गांडुळाला फुप्फुसं नाहीत, ते ओलसर कातडीतून श्वास घेतं. कातडी सुकली की ते मरतं आणि पाणी साचलं तरी गुदमरतं.

पुण्यातल्या आमच्या बाल्कनीत भोकं पाडलेला टब आहे. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर फाडलेली वर्तमानपत्रं आणि जुनं शेण (ताजं तापतं), सर्वांत वर ओलं गोणपाट. यात लालसर, आडव्या पट्ट्यांची ‘आयसेनिया फेटिडा’सारखी गांडुळं लागतात. पावसात अंगणात निघालेली गांडुळं हौसेनं आणून सोडणारे लोक भेटतात. पण मातीत खोल राहणारी ती बिचारी अशा टबात टिकत नाहीत.

गांडुळं ओला कचरा खातात हे अर्धंच खरं. त्यांना दात नसतात. दुधीची ताजी साल टाकली तर पहिले काही दिवस तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. आधी बुरशी आणि जिवाणू तिचा ताबा घेतात. साल लिबलिबीत झाली की गांडुळं तो मऊ भाग जिवाणूंसकट गिळतात आणि पोटातल्या पेषणीत बारीक खड्यांच्या मदतीनं दळतात. अंड्याच्या टरफलांचा चुरा टाकायचा तो यासाठी, शिवाय त्यानं आंबटपणाही मोडतो. ‘रोज स्वतःच्या निम्म्या वजनाइतकं खातात’ हा विक्रेत्यांचा हिशेब हिवाळ्यात ऐकून घ्यावा, मे महिन्यात नाही.

कारण पारा ३५ अंशांपुढे गेला की गांडुळांच्या जिवावर बेततं, आणि नेमका तेव्हाच घरात आमरस असतो. साली एकदम ओतल्या तर आंबतात, तापतात, चिलटं घोंगावतात. त्या चिरून, थोड्या थोड्या, एकाच कोपऱ्यात पुराव्यात, वर भरपूर सुका पाला. कोय मात्र खुशाल टाकावी. ती महिनोन्‌महिने कुजत नाही, पण उकलली की आत गांडुळांचा गुंता सापडतो आणि त्यात अडकलेले साबुदाण्याहून लहान, पिवळसर, टोकाला निमुळते कोष. एकेका कोषातून सुमारे तीन आठवड्यांत दोन-तीन पिल्लं निघतात, दोऱ्याएवढी, पांढुरकी.

मुंग्या आल्या तर टब कोरडा पडलाय, घाण वास आला तर ओल फार झालीय. पावसाळी रात्री गांडुळं झाकणावर चढतात. सुके कागद घालून हलकं उकरलं की बहुतेक वेळा उतरतात.

खत काढायला सगळा ऐवज कागदावर ढीग करून उजेडात ठेवायचा. डार्विननं कुंड्यांत गांडुळं पाळून रात्री त्यांच्यावर दिवे धरले होते आणि ती प्रखर उजेडापासून मागे सरतात हे १८८१च्या पुस्तकात लिहून ठेवलं. तेच इथं कामी येतं: वरचा थर खरवडायचा, चहा घेऊन यायचं, पुन्हा खरवडायचा.

दिवाळीत गावाला जाताना शेजारच्या काकूंना गोणपाट ओलं करायला सांगून पाहिलं. ‘कुंड्यांना पाणी घालीन, त्याला हात लावणार नाही,’ म्हणाल्या. त्याची गरजही नसते. सावलीतल्या टबात पपईच्या साली पुरून, वर ओल्या कागदांचा जाड थर दिला की आठ-दहा दिवस निभावतं.