पिंजलेल्या धाग्यांची नव्वद वर्षे

करोनाच्या काळात आणून ठेवलेलं एन-९५ मास्कचं एक पाकीट परवा कपाटाच्या वरच्या फळीवर सापडलं. त्यातला एक मास्क काढून कात्रीनं उभा कापला. बाहेरचा थर जरा राठ, गालाला लागणारा थर मऊ. लग्नात आहेराबरोबर मिळणारी, कापडाची वाटणारी पण खरं तर प्लास्टिकचीच असलेली पिशवी असते ना, हे दोन्ही थर त्याच जातीचे. मधला थर मात्र वेगळाच निघाला. पांढराशुभ्र, ना वीण ना पोत. जत्रेतले म्हातारीचे केस तळहातांत दाबून त्यांची पोळी करावी तसा. जरा ओढला तर फाटला. त्याचा एक कपटा बोटाला चिकटला, तो झटकला तरी सुटेना.

भिवंडीच्या किंवा मालेगावच्या मागावर असा धागा क्षणभरही टिकणार नाही. त्याला लांबी नाही, पीळ नाही, ताकद नाही. सूतवाला त्याला टाकाऊत काढेल. आणि तरीही २०२० साली सगळं जग ज्याच्यासाठी तळमळत होतं, तो हाच थर. कृत्रिम धाग्याची गोष्ट आपल्याला माहीत असते ती नायलॉनच्या साडीची आणि टेरिकॉटच्या शर्टाची. तिच्या शेजारून दुसरी एक गोष्ट चालत आली आहे. ती विणण्यासाठी नव्हे, तर पिंजून पसरण्यासाठी धागा काढणाऱ्यांची आहे. मला ती अधिक मोलाची वाटते, कारण तिनं माणसांचे श्वास राखले.

सुरुवात दोघींची एकाच काळात झाली. १९३० साली अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोथर्सच्या हाताखाली ज्युलियन हिल हा रसायनशास्त्रज्ञ काम करत होता. वितळलेल्या पॉलिएस्टरच्या गोळ्यात त्यानं काचेची कांडी बुडवून बाहेर ओढली, तर पाठोपाठ तार आली. नवल पुढेच होतं. तार थंड झाल्यावर पुन्हा ताणली तर ती तुटण्याऐवजी कित्येक पट लांबली आणि आधीपेक्षा चिवट झाली. कॅरोथर्स बाहेर गेलेला असताना हिल आणि त्याचे सोबती ही तार धरून इमारतीच्या बोळातून पळत सुटले होते, अशी हकिकत सांगतात. विस्कटलेले रेणू ताणल्यावर एका दिशेनं ओळीत बसतात आणि धाग्याला बळ येतं, हे त्या धावण्यातून कळलं. त्या पहिल्या पॉलिएस्टरचा वितळबिंदू फार खाली होता, इस्त्रीपुढे त्याचा निभाव लागला नसता. म्हणून शोध चालू राहिला आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये नायलॉन हाती आलं. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी वापरात टिकेल असं पॉलिएस्टर काढलं, तेच टेरिलीन. आपल्याकडे ते ठाण्याच्या कारखान्यातून ‘टेरीन’ म्हणून आलं, आणि १९८२ मध्ये पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. माझ्या वडिलांच्या पिढीला टेरिकॉटच्या शर्टाचं किती अप्रूप होतं! घामानं अंगाला चिकटायचा, पण सुरकुती पडायची नाही.

या सगळ्या धडपडीत ध्यास एकच होता: धागा लांब हवा, एकसारखा हवा, मजबूत हवा. गाळण्यासाठीही असा धागा कामाला आला, आणि त्याचं एक उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. नारू. पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखी अळी बाहेर पडायची, तिला काडीवर गुंडाळत दिवसेंदिवस ओढायची, असं ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायल्यावर त्यातल्या सायक्लॉप्स या बारीक जलपिसवांबरोबर नारूची पिलं पोटात जात. महाराष्ट्र हे त्या रोगानं घर केलेल्या राज्यांपैकी एक. आपल्याकडे १९८३ नंतर मोहीम चालली. पायऱ्यांच्या विहिरी बुजवल्या किंवा बदलल्या, पाण्यात औषध टाकलं, आणि घरोघरी दुहेरी फडक्यातून पाणी गाळायला शिकवलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

आफ्रिकेत सुती फडकं अपुरं पडत होतं. सूत भिजलं की फुगतं, गाळ अडकून फडकं तुंबतं, पाणी थेंबथेंब उतरतं, आणि तहानलेला माणूस फडकं बाजूला सारतो. तेव्हा, १९९०च्या सुमारास, जिमी कार्टर यांच्या खटपटीनं ड्यू पॉन्टनं नायलॉनचा धागा दिला आणि प्रिसिजन फॅब्रिक्स या कंपनीनं त्याची जाळी विणून दिली. एकेरी, गुळगुळीत, न फुगणारा धागा. प्रत्येक भोक चौकोनी आणि सारखं, सुमारे १०० मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. पाणी झरझर उतरायचं आणि सायक्लॉप्स वर राहायचा. १९८६ मध्ये जगात नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. अलीकडच्या वर्षांत ते वर्षाला विसाच्या आत आले आहेत.

ही झाली चाळणी: भोकापेक्षा मोठं ते वर, लहान ते खाली. हवेतली धूळ, धूर, विषाणू वाहणारे तुषार यांना हा हिशेब लागू पडत नाही. तेवढ्या बारीक भोकांचं कापड तोंडावर बांधलं तर श्वासच कोंडेल. मास्कमधल्या धाग्यांच्या फटी त्यात अडकणाऱ्या कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. मग कण अडकतो कसा? दुसऱ्या महायुद्धात विषारी धुरापासून सैनिकांना वाचवण्याच्या कामात अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअरनं या प्रश्नाचं गणित मांडलं. जड कण हवेबरोबर वळण घेऊ शकत नाही, तो सरळ जाऊन धाग्यावर आदळतो. अगदी हलका कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भिरभिरतो आणि कुठल्या तरी धाग्याला लागतोच. निसटतो तो मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा: वळण घेण्याइतका हलका, पण भिरभिरण्याइतका नाही. म्हणून गाळण्यांची परीक्षा आजही त्याच मापाच्या आसपासच्या कणांवर घेतात. आणि कुठलाही कण एकदा धाग्याला टेकला की चिकटून बसतो. तेव्हा भोकं लहान करण्यापेक्षा धागे अतिशय बारीक करावेत, म्हणजे तेवढ्याच वजनात त्यांची संख्या वाढते, आणि ते अस्ताव्यस्त पसरावेत. पिंजाऱ्यानं पिंजलेल्या कापसासारखे, पण कापसाहून कितीतरी बारीक.

रशियात ही वाट आधीच सापडली होती, तीही भलत्याच शोधातून. मॉस्कोच्या कार्पोव्ह संस्थेत इगोर पेत्र्यानोव्ह-सोकोलोव्ह आणि नतालिया रोझेनब्लूम द्रावणाला विजेचा उच्च दाब देऊन एकसारख्या थेंबांचे तुषार करू पाहत होते. थेंबांऐवजी तंतू निघाले. प्रयोग फसला म्हणून त्यांनी तो टाकून दिला नाही, आणि मला हीच गोष्ट फार मोठी वाटते. १९३८ सालचं हे काम. त्याच तंतूंची पेत्र्यानोव्ह गाळणी झाली आणि गॅस मास्कमध्ये बसली. पुढे त्याच कापडाचा ‘लेपेस्तोक’, म्हणजे पाकळी, नावाचा साधा मास्क झाला, आणि १९८६ मध्ये चेर्नोबिलला सफाईला उतरलेल्या माणसांच्या तोंडावर तोच होता.

अमेरिकेत अणुबॉम्बच्या प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवायला जो कागद वापरला त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असत. युद्धानंतर त्यांच्या जागी काचेचे बारीक तंतू आले. रुग्णालयांत आणि औषधांच्या कारखान्यांत ज्याला आपण हेपा फिल्टर म्हणतो, तो त्याच वंशातला.

आपल्या मास्कचा मधला थर मात्र वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतून निघाला. शीतयुद्धात अणुचाचण्यांची किरणोत्सारी धूळ उंच हवेतून गोळा करायची होती, आणि त्यासाठी मायक्रॉनहून बारीक तंतूंची गाळणी हवी होती. व्हॅन वेंटे यांनी प्लास्टिक वितळवून बारीक छिद्रांच्या ओळीतून ढकललं आणि दोन्ही बाजूंनी गरम हवेचा जोरदार झोत सोडला. छिद्रातून येणारी धार झोतात सापडून ताणली जाते, केसाच्या कित्येक पट बारीक होते आणि समोरच्या जाळीवर जाऊन पडते. अजून गरम असल्यामुळे तंतू एकमेकांना चिकटतात आणि विणल्याशिवाय कापड तयार होतं. हिलनं धागा थंड झाल्यावर ताणून त्याला बळ दिलं होतं. इथं तो वितळलेला असतानाच झोतानं फरफटत नेला जातो, रेणूंना ओळीत बसून राहायला उसंत मिळत नाही. म्हणून हा धागा कमजोर, पण इतका बारीक की ओढून काढलेल्या धाग्याला त्याच्या जवळ जाणं कठीण. वेंटे यांचा लेख १९५६ मध्ये छापून आला. आज या कापडाला मेल्ट-ब्लोन म्हणतात.

त्याला योग्य प्लास्टिक त्याआधी दोन वर्षं जन्मलं होतं. मार्च १९५४ मध्ये मिलानला जुलिओ नात्तानं रेणूंची शिस्तशीर रचना असलेलं पॉलिप्रॉपिलीन तयार केलं. दोरखंडांत, धान्याच्या पोत्यांत, खुर्च्यांत आज तेच आहे. ते सहज वितळतं, पाणी शोषत नाही आणि विजेचा भार धरून ठेवतं. हा शेवटचा गुण गाळणीसाठी किती मोलाचा आहे हे पुढे कळायचं होतं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात एक्झॉनच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेनं नात्ताचं प्लास्टिक आणि वेंटेंची रीत एकत्र आणली आणि रुंद पट्टे निघतील अशी यंत्रं केली. तिकडे ३एम कंपनीत सारा लिटल टर्नबुल या रचनाकार बाईंनी ब्राच्या कपावर काम करताना न विणलेल्या कापडाला घाट देऊन नाका-तोंडावर बसणारा मास्क सुचवला होता. १९७२ मध्ये त्या कंपनीच्या एकदा वापरून टाकायच्या धूळ-मास्कला अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली.

मग विजेचा भार. शाळेत आपण कंगवा केसांत घासून कागदाचे कपटे उचलायचो, ती जादू कापडात कायमची कोंडता आली तर? १९३० मध्ये डेन्मार्कच्या हॅन्सेननं लोकरीत राळेची पूड घोळवून असं एक भारित गाळणं केलं होतं. सत्तरच्या दशकात नेदरलँड्समध्ये व्हॅन टर्नहाउट यांनी पॉलिप्रॉपिलीनच्या पापुद्र्याला भार देऊन त्याचे तंतू फाडून काढले. मेल्ट-ब्लोन कापडाला भार देण्याची एक प्रभावी रीत तैवानमध्ये जन्मलेल्या पीटर त्साय यांनी टेनेसी विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली. विजेच्या उच्च दाबानं हवेत प्रभार सुटतात, ते कापडावर पेरले जातात आणि धाग्यात रुतून बसतात. या क्रियेचं नाव ‘कोरोना डिस्चार्ज’; हे नाव विषाणूच्या कितीतरी आधीचं. भारित धागा जवळून जाणाऱ्या कणाला ओढून घेतो. त्यामुळे कापड जाड न करता, श्वासाला जास्तीचा अडथळा न आणता, त्याची पकड अनेक पटींनी वाढली. एन-९५ हा सगळा एकट्या त्साय यांचा शोध असं २०२० मध्ये सर्रास छापलं गेलं, ते बरोबर नाही. ३एमच्या आणि इतरांच्या वेगळ्या रीती होत्याच. पण त्साय यांच्या कामाचं मोल त्यानं उणावत नाही. निवृत्त झालेला हा माणूस साथीत पुन्हा कामाला लागला आणि मास्क परत कसा वापरावा याचे प्रयोग करून ते सगळ्यांना सांगत राहिला.

ते वर्ष आठवलं की अजून कळवळायला होतं. मास्क शिवायला हात होते, शिलाई यंत्रं होती, बाहेरच्या थराचं कापडही होतं. नव्हता तो मधला थर. पॉलिएस्टर धाग्यात एवढी मजल मारलेल्या आपल्या देशात मेल्ट-ब्लोन करणारे थोडेच होते, आणि त्याची यंत्रं मागवली की उद्या येत नाहीत. १९ मार्च २०२० रोजी सरकारनं मास्कच्या कच्च्या कापडाच्या निर्यातीवर बंदी घातली. पाठोपाठ मास्कच्या किमतीवर मर्यादा आली: तीनपदरी मास्क १० रुपये. ज्या धाग्यात फॅशन नाही, निर्यातीची चमक नाही, त्याच्याकडे आपण त्याआधी पुरेसं लक्ष दिलं नव्हतं. मागाहून यंत्रं आली, उत्पादन वाढलं, पण त्या पहिल्या महिन्यांत डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी जे सोसलं ते भरून येत नाही.

आमच्या शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी गॅलरीत दोरीवर कागदी पिशव्या टांगल्या होत्या. प्रत्येकीवर वार लिहिलेला. सोमवारचा मास्क सोमवारी घालायचा आणि पुढच्या सोमवारपर्यंत पिशवीत नुसता राहू द्यायचा, म्हणजे त्यावर विषाणू असलाच तर आपोआप मरतो. धुवायचा नाही, स्पिरिट लावायचं नाही. साबण आणि अल्कोहोल धाग्यावरचा भार घालवतात. मास्क दिसायला तसाच राहतो, पण निम्मं बळ गमावून बसतो. हे त्यांनी मला सांगितलं तोवर मी माझा एक मास्क साबणाच्या पाण्यात खळबळून, उन्हात वाळवून, घडी करून ठेवून दिला होता.

तोही परवा त्याच फळीवर मिळाला. त्यालाही उभा कापला. मधला थर तसाच पांढरा, तसाच हलका. त्याचा कपटा बोटावर ठेवून हात जरा तिरपा केला, तर तो घरंगळून टेबलावर पडला. नव्याचा कपटा अजून दुसऱ्या बोटाला चिकटूनच होता.