प्रभार म्हणजे बढती नव्हे

आपल्या ट्रस्टच्या सभासदांत शिक्षक, लिपिक व पोलीस शिपाई पुष्कळ आहेत. वरची जागा रिकामी पडते, तिचे काम खालच्या माणसाकडे येते आणि घरची मंडळी विचारतात, “काम वाढले, मग पगार का वाढला नाही?” पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा 2023 साली स्वतंत्र जिल्हा झाला, तरी हा प्रश्न तसाच आहे. त्याचा थोडा उलगडा आम्ही येथे करीत आहो.

बढतीने पद, वेतनश्रेणी व ज्येष्ठता मिळते. प्रभाराने केवळ काम येते. मध्यप्रदेशात 30 एप्रिल 2016 रोजी उच्च न्यायालयाने 2002 च्या पदोन्नती नियमांतील आरक्षणाच्या तरतुदी रद्द केल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि बढत्या वर्षानुवर्षे अडल्या. मग पोलीस व शिक्षण खात्यांत उच्च पदाचा प्रभार देण्याची तोड निघाली. नाव वरचे, वेतन मात्र पूर्वीचेच!

तर मग मोबदला कधी मिळतो? मूलभूत नियम 49 मध्ये भेद केला आहे. रीतसर नेमणूक होऊन पूर्ण जबाबदारी आली, तर जादा वेतनाचा विचार होतो. नुसते दैनंदिन काम पाहण्यास सांगितले, तर होत नाही.

अंदमानातील प्राथमिक शिक्षक सेल्वराज यांना स्काउट सचिवाचे काम दिले होते. त्या पदावरून वेतन काढले जाईल, असे आदेशातच लिहिले होते. 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना, बढती झालेली नसतानाही, केलेल्या कामाच्या मानाने त्या काळाचे वेतन देवविले. त्याच वर्षी चंडीगडच्या हरिओम शर्मा यांच्या प्रकरणात, वरच्या पदाचे लाभ मागणार नाही असे आधी लिहून घेतले तरी ते कायद्यात टिकत नाही, असा निर्णय झाला.

हा प्रश्न केवळ मानाचा नव्हे. उपदान आणि निवृत्तिवेतन वेतनावरच बेततात. कर्त्या माणसामागे घरच्यांच्या हाती काय पडेल, तेही त्यावरच ठरते.

सबब सभासद बंधुभगिनींस विनंती की, प्रभार तोंडी घेऊ नये. आदेश लेखी मागावा, वेतनासंबंधीची ओळ नीट वाचावी, प्रभार घेतल्याची व सोडल्याची तारीख नोंदवून घ्यावी आणि मागणीचा अर्ज वेळेवर, पोच घेऊन द्यावा. काम कोणी नाकारू नये. पण केलेल्या कामाचा कागद जपून ठेवावा.