उलट वळणारा कण

अनगोळच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत मायक्रॉन म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून इथल्या माणसाला ‘एएमएस’ या यंत्राची ओळख करून द्यायला बरं वाटतं. साडेसात टनांचं हे यंत्र 2011 पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसून विश्वकिरणांतले प्रतिकण मोजतंय.

प्रतिकण तसे आपल्याही अंगातून जातात. विश्वकिरण हवेवर आदळून म्युऑन तयार होतात. तळहातातून सेकंदाला एक-दोन निघून जातात आणि त्यांतले निम्म्याहून जास्त धनभारित, म्हणजे प्रतिकणच. पण ते आपल्याच हवेत जन्मलेले. लांबून आलेला पकडायचा तर हवेच्या वर जायला हवं.

ओळखायची युक्ती जुनीच. चुंबकी क्षेत्रात इलेक्ट्रॉन एकीकडे वळतो, त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन दुसरीकडे. पण खालून वर जाणारा इलेक्ट्रॉनही वरून येणाऱ्या पॉझिट्रॉनसारखाच वळलेला दिसतो! म्हणून भौतिकशास्त्रज्ञ कार्ल अँडरसननं 1932 साली वाटेत शिशाचा पत्रा ठेवला. पत्र्यातून गेल्यावर ऊर्जा घटते, वळण वाढतं. दिशा कळली, पॉझिट्रॉन सापडला. एएमएसमध्ये दिशा कळण्यासाठी वर-खाली वेळ मोजणाऱ्या पट्ट्या आहेत. मार्ग टिपायला सिलिकॉनचे 9 थर, अचूकता सुमारे 10 मायक्रॉन. खरी डोकेदुखी प्रोटॉनची: तोही धनभारित, तोही त्याच बाजूला वळतो आणि संख्येनं हजारो पट. त्याला वगळण्यातच निम्मं यंत्र खर्ची पडलंय.

चुंबकाची गोष्ट मला जास्त आवडते. द्रव हेलियमवर चालणारा जोरदार अतिवाहक चुंबक तयार होता, पण हेलियम तीनेक वर्षांत संपलं असतं. स्थानकाचं आयुष्य वाढल्यावर 2010 मध्ये, उड्डाण तोंडावर आलं असताना, प्रकल्पप्रमुख सॅम्युएल टिंग यांच्या चमूनं तो काढला आणि 1998 मध्ये एकदा अवकाशात जाऊन आलेला साधा कायमचुंबक परत बसवला. जोर कितीतरी कमी. मग सिलिकॉनचे थर लांब-लांब सरकवून मोजमाप सांभाळलं. 2013 च्या पहिल्या निकालात चार लाख पॉझिट्रॉन होते, अपेक्षेपेक्षा जास्त. ते पल्सार ताऱ्यांतून येतात की कृष्णद्रव्यातून, हा वाद अजून मिटलेला नाही.

पुढे थरांना थंड ठेवणारे पंप बिघडू लागले. यंत्र अवकाशात उघडायचं म्हणून बनवलंच नव्हतं. 2019 च्या नोव्हेंबरपासून अंतराळवीर लुका पार्मितानो आणि अँड्र्यू मॉर्गन यांनी स्थानकाबाहेर पडून चार खेपांत स्टीलच्या 8 बारीक नळ्या कापून नवे पंप जोडले. शेवटच्या खेपेला, जानेवारी 2020 मध्ये, एक जोड गळत होता. पार्मितानोनं तो पुन्हा आवळला, तेव्हा गळती थांबली.